रिकाम्या पोत्याची घडी

मी ज्या व्यक्तीचा सगळ्यात जास्त ऋणी आहे, तिचं नाव कौसल्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण. वलगावला पेढी नदीच्या अंगाला तिचा छोटा मळा आहे. त्यात झेंडू, शेवंती, मेथी, वांगी, आणि कुंपणाच्या कडेनं कापलेल्या पिप्यांत, गळक्या घमेल्यांत, रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली शेकडो रोपं. घरात आम्ही तिला कौसाआत्या म्हणतो. तिचं नाव इथं अगदी पहिल्या ओळीत लिहितो आहे, कारण जिथं ते सांगायला हवं होतं तिथं एकदा मी ते सांगितलं नाही.

चैत्र सरत आला आहे. अकोल्याचं ऊन आता असं उतरतं की दुपारी गच्चीवर गेलं तर चपलेचा तळ फरशीला चिकटतो. जठारपेठेतल्या आमच्या गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत आणि त्या रिकाम्या करायचे हेच दिवस. कुंडी आडवी करायची, काठावर तळहातानं थोपटायचं, की मातीचा अख्खा गोळा अलगद हातात येतो. मुळांची जाळी बोटांनी सोडवायची. मग जुन्या साडीवर माती चार बोटं जाड पसरायची आणि आठ दिवस तिला ऊन खाऊ द्यायचं. हे वळण आत्यानं लावलेलं. ती याला मातीची सुट्टी म्हणते. "तुमच्या शायेले दोन-दोन महिने सुट्ट्या देता. ते बिचारी वर्षभर झाड पोटात घेऊन उभी राह्यते. तिले नको का रे?"

या वर्षी साडी पसरली तेव्हा माझा हात एका कुंडीपाशी थांबला. मोगऱ्याची कुंडी. त्यात गेल्या उन्हाळ्यापासून काहीच नव्हतं, नुसती काटकी उभी. ती उपटायचं मी वर्षभर टाळत होतो.

आमचं गाव मूर्तिजापूरजवळचं. कोरडवाहू जमीन, काळी माती, कापूस आणि तूर. आत्या लग्न होऊन वलगावच्या बागायती घरात गेली. आतोबा लवकर वारले. मूलबाळ नव्हतं. मळा तिनं एकटीनं सांभाळला आणि मी बारावी झालो तेव्हा माझ्या वडिलांना म्हणाली, "पोराले अमरावतीच्या कॉलेजात शिकाचं हाय ना? मंग माह्याकडे राहू दे. माह्या घरातून कॉलेज सायकलच्या रस्त्यावर हाय." पाच वर्षं मी तिच्याकडे राहिलो. पहाटे कॅरिअरवर रोपांचे डबे बांधायचे, फुलबाजारात उतरवायचे आणि तिथून कॉलेजला जायचं. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. पदवीचा कागद मिळाला तेव्हा आत्यानं त्याची झेरॉक्स मागून घेतली आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बियांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. मी हसलो तर म्हणाली, "बी अन् कागद, दोन्हीले ओल लागू देऊ नये."

परीक्षा नेहमी याच दिवसांत यायच्या. त्यामुळे माझ्यासाठी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास आणि माती चाळणं ही एकाच आठवणीची दोन टोकं आहेत. बाभळीखाली आत्या उकिडवी बसलेली, लोखंडी चाळणी दोन्ही हातांत, आणि मी समोर पुस्तक धरून मोठ्यानं पाठ करतो आहे. मुळांचे प्रकार, मुळांची कार्यं, अन्नद्रव्यं कशी शोषली जातात. चाळणीचा सर्र-सर्र आवाज थांबायचा.

"मातीले शिकवून राहिला का रे, दिगू?"

"नाई व आत्या, पाठांतर करून राहिलो."

"जोरानं कर मंग. तिले बी कळू दे आपल्या पोटात काय चाललं ते."

पण तेव्हाही एक गोष्ट मी लपूनछपून करायचो, ती सांगायला हवी. कॉलेजच्या मागच्या नळावर मी साबणाची वडी ठेवली होती. वर्गात जाण्याआधी हात कोपरापर्यंत धुवायचो, नखं काडीनं साफ करायचो. शेणखताचा वास बाकावर शेजारी बसणाऱ्याला येऊ नये म्हणून. हे आत्याला कधी कळलं नाही असं मी धरून चाललो होतो. एके दिवशी तिनं माझ्या पिशवीत नवी वडी ठेवलेली दिसली.

पुढे नोकरी लागली. अकोल्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. स्वतःचं घर झालं तेव्हा पहिल्या उत्साहात मी आमच्या शेतातली काळी माती दोन पोती भरून आणली आणि कुंड्या काठोकाठ भरल्या. आमच्या मातीवर माझा फार भरवसा. वऱ्हाडातल्या कुणाही शेतकऱ्याच्या मुलाला विचारा, काळ्या मातीला नावं ठेवलेली त्याला खपणार नाहीत. महिनाभरात कुंड्यांत पाणी वर तरंगायला लागलं, ऊन लागलं की मातीला बोटभर रुंद भेगा. आत्या पाहायला आली. एका कुंडीत काडी खुपसायला गेली तर काडी मोडली.

"कावून रे, झाडं लावून राहिला का विटा पाडून राहिला?"

"आपल्या वावरातली माती हाय, आत्या."

"वावरात ते मोकयी असते. खाली पाय पसरायले जागा असते तिले. डब्यात कोंडली का मूठ आवयते. आत मूळ गुदमरून जाते बाप्पा."

त्या दुपारी सुषमानं, माझ्या बायकोनं, दिलेला चहा थंड होईपर्यंत आत्यानं मला सगळं नव्यानं शिकवलं. काळी माती एक वाटा. नदीची भरड रेती एक वाटा. जुनं, काळं पडलेलं, हातात घेतलं की वास न येणारं शेणखत एक वाटा. वरून तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, तो पण भिजून मऊ झालेला. मूठभर निंबोळीचा चुरा. तळाला विटांचे तुकडे. आणि झाडाला जेवू घालायचं ते पातळ करून: जुनं खत फडक्यात बांधून बादलीत चार दिवस टांगायचं, मग त्या पाण्यात साधं पाणी ओतत राहायचं. किती, तर आत्याचं माप ठरलेलं. "नावडता पाव्हना आला का कसा चहा करतो आपन? तसा रंग पाह्यजे."

सरकीच्या ढेपेबद्दल मात्र तिनं तेव्हाच बजावलं होतं. ढेप म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, आमच्याकडे दुभत्या जनावरांना देतात. ताकद मोठी. पण कुजायला लागली की तापते. "महिनाभर मातीत कालवून सावलीत सडू द्याची. अन् द्याची ते पान्या-पावसाच्या दिवसात. उन्हायात ढेप घालनं म्हंजे ताप भरलेल्या मानसाले पुरनपोयी खाऊ घालनं." मी हसलो होतो. सगळं ऐकून घेतलं होतं. तेवढं एक वाक्य नेमकं कुठं गेलं, कुणास ठाऊक.

दर वर्षी माती भरण्याच्या वेळी आत्या वलगावहून स्वतःच्या उकिरड्यातलं तीन वर्षं मुरलेलं खत घेऊन यायची. बडनेऱ्याहून पॅसेंजर, मांडीशी पोतं. जाताना रिकामं पोतं झटकायची, चौघडी घालायची आणि पिशवीत ठेवायची. त्यांच्याकडे ही रीतच आहे. कुणी खत नेलं तर पोतं परत द्यायचं. परत आलेलं पोतं म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा यायचं आहे, असा निरोप. एकदा मी म्हणालो, राहू दे इथं, एवढं काय त्या पोत्याचं. तर म्हणाली, "पोतं अथीच राह्यलं तं खत कशात आनू? लुगड्याच्या वटीत?"

माझी झाडं चांगली फुलायला लागली. येणारे-जाणारे थांबून वर पाहायचे. मग वैद्य मॅडम, आमच्या ओळीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणाल्या की सर, आम्हा बायकांना एकदा गच्चीवर शिकवा. आमच्या ओळीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा संदेश त्यांनी आधी मला दाखवला. मजकूर मीच दुरुस्त करून दिला. 'सरांचा स्वतःचा अभ्यास आणि प्रयोग' हे शब्द माझे.

गेल्या वर्षी याच दिवसांत, सकाळी ऊन चढायच्या आत, वीस-बावीस बायका गच्चीवर जमल्या. मी टेबल मांडलं होतं. काळी माती, रेती, कुटार अशा वेगवेगळ्या थाळ्या भरल्या होत्या. खत तेवढं यायचं होतं; ते आत्या आणणार होती, पण आदल्या दिवशी. ती गाडी चुकल्यामुळे नेमकी त्याच सकाळी आली. मी बोलत असताना जिन्याच्या दारात ती दिसली. डोक्यावर पोतं, लुगड्याला ओल्या खताचा डाग, अनवाणी, कारण चपला तिनं खाली दारात काढून ठेवल्या होत्या.

"सर, ह्या कोण?" वैद्य मॅडमनी सहज विचारलं. त्यांच्या आवाजात काही नव्हतं. असेल तर कौतुकच होतं.

मी म्हणालो, "या वलगावहून खत आणून देतात."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्यामुळेच ते वाक्य मला इतकं सहज सुचलं असावं.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग पोतं खाली उतरवून बायकांकडे बघून हसली. "हाव बाई. खत आनून देतो मी."

"आम्हालाही द्याल का?"

"देईन ना बाई. पोतं तेवढं वापस देजा."

बायका हसल्या. मीही हसलो. तिला म्हणालो, "तुम्ही तिकडे सावलीत बसा." आयुष्यात कधी मी तिला अहो-जाहो केलं नव्हतं. ती पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसली. रिकामे हात तिला जमत नाहीत, म्हणून शेजारची चाळणी ओढून खत चाळायला लागली. सर्र-सर्र. त्या आवाजावर मी बोलत होतो. मातीची सुट्टी सांगितली, आवळलेली मूठ सांगितली, नावडत्या पाहुण्याचा चहासुद्धा सांगितला. त्यावर मोठा हशा पिकला. चाळणीचा आवाज चालूच होता.

मग मला वाटलं, आपलंही काहीतरी नवीन सांगावं. कुठंतरी वाचलं होतं ढेपेत नत्र किती असतं ते. मी मोगऱ्याची कुंडी पुढे ओढली, कोरडी ढेप मूठभर घेतली आणि बुंध्याशी घालून दाखवली. "प्रत्येक कुंडीला एक मूठ. आठवड्यात फरक दिसेल."

चाळणी थांबली.

मी तिकडे पाहिलं नाही. पण थांबलेली मला ऐकू आली. श्वास घेण्याइतका वेळ. मी जर तासाभरापूर्वी म्हणालो असतो, ही माझी आत्या, हे सगळं हिनं शिकवलं, तर ती त्या क्षणी उठली असती, माझ्या हातावर चापट मारली असती आणि म्हणाली असती, "अबे, जाळून राहिला का झाडाले?" सगळ्या हसल्या असत्या आणि एक मोगरा वाचला असता. पण खत आणून देणारी बाई सरांना चारचौघांत कशी टोकणार? मीच तिचं तोंड बंद करून ठेवलं होतं. चाळणी पुन्हा सुरू झाली.

दुपारी मी तिला स्कूटरवर स्टेशनला सोडलं. गाडी लागली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दिगू, त्या मोगऱ्याले सावलीत ठेवजो. अन् वरचं उकरून काढजो." मी हो म्हटलं. घरी आलो तर फोनवर फोन, सर छान झालं, सर खूप शिकायला मिळालं. उकरायचं राहून गेलं. संध्याकाळी चहा देताना सुषमानं विचारलं, "आत्यांचं नाव का नाही सांगितलं?" मी म्हणालो, घाईत राहून गेलं. तिनं कप ठेवला आणि आत गेली.

आठव्या दिवशी मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या. पंधराव्या दिवशी फोन सुरू झाले. कुणाची जास्वंद, कुणाची तुळस. "सर, पानं भाजल्यासारखी दिसतात." प्रत्येकीला मी एकच उत्तर दिलं, "यंदा ऊन फार आहे हो." अकोल्याच्या उन्हावर काहीही ढकललं तरी लोकांना पटतं. वैद्य मॅडम म्हणाल्या, खरंय सर, तुम्ही तरी काय करणार.

मी या गोष्टीचा विचार करतो तेव्हा स्वतःला सांगून पाहतो की मला आत्याच्या लुगड्याची लाज वाटली, खताच्या डागाची, तिच्या बोलण्याची. तसं असतं तर निदान ते जुनंच दुखणं झालं असतं, नळावरच्या साबणाच्या वडीचं. पण खरं त्याहून वाईट आहे. मला भीती वाटली. हे सगळं तिचं आहे असं कळलं तर या बायका ज्याला सर म्हणतात त्याच्याकडे उरणार काय? आणि उरलं काय होतं ते मोगऱ्यानं दाखवलंच. त्या सकाळी मी जे जे बरोबर सांगितलं ते तिचं होतं. माझं स्वतःचं म्हणून जे एक होतं, त्यानं झाड जाळलं.

दिवाळीला वलगावला गेलो. तिनं पाटवड्यांची भाजी केली होती. सुषमाला साडी दिली, मला चारदा वाढलं. निघताना विचारलं, "झाडं बरे हायत ना?" मी म्हणालो, हो. तिनं मान हलवली. उन्हाळ्यात खत घेऊन येते, असं दरवेळी आम्ही निघताना ती म्हणते. या वेळी म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. फोनवर बोलणं होतं, पण फोनवर ती माझ्यापेक्षा जोरात बोलते, वांग्यावरच्या किडीचं, पेढीच्या पाण्याचं, आणि मला जे म्हणायचं असतं तिथपर्यंत पोचायच्या आत "ठेवतो आता" म्हणून ठेवून देते.

चार दिवसांपूर्वी मोगऱ्याची कुंडी शेवटी आडवी केली. थोपटली. गोळा निघाला तो एका बाजूनं पांढऱ्या बुरशीचा, ढेप तशीच गाठ होऊन बसलेली, आणि तिच्याखालची मुळं काळी. वास आला. त्या वासानं मी उठलो आणि हात धुवायला टाकीकडे गेलो. टाकीच्या मागे, विटेखाली दाबून ठेवलेलं काहीतरी दिसलं. पोतं. झटकलेलं, चौघडी घातलेलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर वीट ठेवलेलं. वर्षभर मी तिथून पाणी घेत होतो.

आत्या पोतं विसरत नाही. निदान मी पाहिलेल्या इतक्या वर्षांत कधी विसरली नाही. पण ते फेकून दिलेलं नव्हतं. घडी सरळ होती, कडा जुळवलेल्या होत्या. त्याचा अर्थ काय लावावा हे मी दोन दिवस ठरवू शकलो नाही.

मग पत्र लिहिलं. कॉलेजात असताना सुट्टीत गावी गेलो की मी तिला पत्रं लिहायचो. संध्याकाळच्या प्रौढांच्या वर्गात ती नुकती वाचायला शिकली होती आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून माझं पत्र वाचायची. म्हणून अक्षर मोठं काढलं. आणि आम्ही दोघं जसं बोलतो तसंच लिहिलं. काल पेटीत टाकलं.

आत्या,

तुले नमस्कार. हे पत्र तू सोताच वाचजो, कोणाले वाचायले सांगू नको.

मांगच्या उन्हायात गच्चीवर त्या बाईनं इचारलं का ह्या कोन, तवा मी तुले आपली म्हटलं नाई. खत आनून देते म्हटलं. तू हाव म्हटलं अन् माही बाजू सांभायली. मले ते तवाच समजलं होतं. समजलं नाई असं मी वर्षभर दाखवलं.

मोगरा मेला. तू सांगतलं होतं उकरून काढ, मी काढलं नाई. बायकायचे झाडं बी जयले. मी उन्हाचं नाव सांगतलं.

आज सकायी वैद्य मॅडमच्या घरी गेलो अन् सगळं खरं सांगतलं. ढेप माही चूक, बाकी जे सांगतलं ते माह्या आत्यानं शिकवलेलं, अन् ते खतवाली नाई, ते माही आत्या हाय. त्या मले रागवल्या नाई. म्हनल्या, मंग सर, तुमी कावून शिकवून राहिले, आत्यालेच येऊ द्या ना. मी त्याईले सांगतलं का येईल का नाई ते मले मालूम नाई.

तुह्यं पोतं टाकीमांगं सापडलं. तू ते विसरली का ठेवून गेली, हे मी तुले इचारनार नाई. आयतवारी सकायच्या गाडीनं पोतं घेऊन वलगावले येतो. बडनेऱ्याहून पुढं बस भेटन. भरून द्याचं का नाई ते तू ठरव. नाई देल्लं तरी चालते, मी दिवसभर माती चाळतो अन् वापस जातो.

पन रिकामं पोतं तुह्या हातात देल्ल्याबिगर या वर्षी मी एक बी कुंडी भरनार नाई.

तुहा,
दिगू